पर्यटक गेला तरी आपला नंबर त्याच्या घरी राहिला पाहिजे

करवंटीचं काम करायला लागून मला सहा वर्षं झाली. वाट्या, डाव, चमचे, दिवे, केसांच्या पिना असलं सगळं. आमचं घर कुडाळ आणि वेंगुर्ल्याच्या मधे, त्यामुळे पहिली दोन वर्षं सरळ किनाऱ्यावर टेबल लावायचे. डिसेंबरात हात पुरत नसत आणि जून लागला की शून्य, म्हणजे अक्षरशः शून्य. एकदा पावसात पडवीत बसून हिशोब करताना डोक्यात आलं की एवढ्या लोकांना माल विकला पण त्यातल्या एकाचाही नंबर आपल्याकडे नाही, आणि आपला नंबर त्यांच्याकडे नाही. तिथून जे बदललं ते लिहिते. बांबू, काथ्या, लाकडी खेळणी, क्रोशा, काहीही करत असाल तरी बऱ्यापैकी लागू पडेल.

सगळ्यात आधी वस्तूवर नाव. कागदी टॅग घरी गेल्या गेल्या कचऱ्यात जातो आणि स्टिकर दुसऱ्या धुण्यात निघतो, दोन्ही करून झालंय माझं. आता वाटीच्या बुडाला लाकूड जाळून लिहायच्या पेनने नाव आणि मोबाईल नंबर कोरते, एका वाटीला दोन मिनिटं जातात. सोबत एक छोटं कार्ड, त्यावर वस्तू कशी जपायची ते (साबणाने धुवा, लगेच पुसा, मायक्रोवेव्हमधे नको, महिन्यातून एकदा खोबरेल तेलाचा हात) आणि खाली व्हॉट्सअ‍ॅपचा क्यूआर. हे कार्ड लोक टाकत नाहीत, कारण ते कामाचं असतं.

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस घ्याच, साधं नको. कॅटलॉग टाकता येतो आणि लेबलं लावता येतात, माझी लेबलं म्हणजे ‘मुंबई’, ‘होमस्टे’, ‘दुकान’, ‘उधारी’. ब्रॉडकास्ट लिस्टमधे एका यादीत २५६ जण बसतात, पण ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोचतो, हे मला वर्षभर माहीतच नव्हतं आणि मी आपली पाठवत बसले होते. त्यामुळे पैसे घेतानाच सांगायचं, ‘ताई नंबर सेव्ह करून ठेवा, नवीन माल आला की फोटो टाकते’. लोक समोरच करतात. महिन्यातून दोनदा मेसेज, बस. सकाळची फुलं आणि सुविचार पाठवलेत तर म्यूट झालातच म्हणून समजा.

मला सगळ्यात जास्त फायदा झाला तो होमस्टेचा. तारकर्ली, देवबाग, भोगवे या बाजूला घरगुती राहायची सोय करणारे खूप आहेत. त्यातल्या चौघांना मी सहा-सहा वाट्या फुकट दिल्या, अट एकच, सकाळचा नाश्ता त्यात वाढायचा. माणूस घावणे आणि चटणी त्या वाटीतून खातो, हातात धरतो, उलटी करून बघतो, तिथे माझं नाव. मग विचारतोच, ही कुठे मिळेल. विकली गेली की होमस्टेवाल्या काकूंना १५ टक्के, आणि हे दर महिन्याला न मागता द्यायचं. एक चूक सांगते, सोलकढी त्यात देऊ देऊ नका, कोकमाचा डाग असा बसतो की वाटी जुनाट दिसायला लागते. आमच्याकडे पहिल्या चोवीसातल्या नऊ तशाच गेल्या.

आता किंमत, यावर जरा थांबते कारण इथेच सगळ्या बायका मार खातात. गावातलीच एक आजी टेबलाजवळ येऊन म्हणाली होती, ‘गो बाय, करवंटी तर आमी चुलीत घालतंव, तिचे तू पैशे घेतंस?’ आणि मी लाजून त्या दिवशी सगळ्या वाट्या शंभरला दिल्या. घरी येऊन मांडलं तर एका वाटीला दीड तास जातो (८० नंबरच्या पॉलिश पेपरपासून ४०० पर्यंत घासायचं असतं), तासाला ७० धरले तरी १०५, पेपर-तेल १५, खोका-कार्ड २०, वीज आणि फुटलेला माल २०, झाले १६०. म्हणजे शंभरला विकून मी पदरचे साठ घालत होते. आता किंमत ३२०. दुप्पट का, तर दुकानदार ३५-४० टक्के मागतो, ४० टक्के दिले की माझ्याकडे १९२ येतात, म्हणजे खर्च सुटून बत्तीस. आणि स्वतः टेबलावर विकलं तरी ३२०च, तुमचीच वस्तू तुम्ही स्वस्त विकलीत तर दुकानदार ती परत का ठेवेल?

दुकानात माल ठेवताना ‘विकला की पैसे’ असं तोंडी ठरवू नका. हायवेवरच्या एका दुकानात मी ११ हजारांचा माल असाच ठेवला होता, मालक बदलला आणि नवीन माणूस म्हणाला मला काही माहीत नाही. आता दोन प्रतींची चलन वही आहे, नग, दर, तारीख, सही, आणि दर महिन्याच्या पाच तारखेला हिशोब.

गोष्ट सांगा असं सगळेच म्हणतात, पण म्हणजे काय ते सावंतवाडीत बघा. दशावतारी गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते, त्यांचा संच १२० पानांचा, दहा अवतार आणि प्रत्येकाची बारा पानं. खेळता येणारी माणसं आता किती उरलीत, तरी लोक घेतात, कारण एवढं एक वाक्य ऐकलं की पान हातात धरावंसं वाटतं. तुमच्या वस्तूचं असं एक वाक्य शोधा. माझं आहे, ‘आजी पेजेला वापरायची तोच डाव’. तिथल्याच चितारआळीत गेलात तर अजून एक दिसेल, लाकडी फळं-खेळणी शेजारशेजारच्या दुकानांत सारखीच, मग गिऱ्हाईक भाव करत सुटतं. शेजारीण जे करते तेच करू नका, एवढंच.

फोटोला महागडा कॅमेरा लागत नाही. सकाळी नऊच्या आत खळ्यात, मागे चिऱ्याची भिंत, आणि एका फोटोत वस्तू हातात धरलेली, म्हणजे साइज कळते. रीलमधे गाणं लावण्यापेक्षा घासण्याचा आवाज ठेवला तो जास्त चालला, का ते मला विचारू नका.

पार्सल. कुरिअरवाले वजन दोन प्रकारे बघतात, काट्यावरचं आणि खोक्याचं, आणि जे जास्त त्याचे पैसे लावतात. खोक्याचं म्हणजे लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटीमीटरमधे, भागिले ५०००, हा बहुतेकांचा हिशोब. ३० बाय २० बाय २० चा खोका म्हणजे २.४ किलो, आत माल ९०० ग्रॅमचा असला तरी. म्हणून वाट्या एकात एक बसतील अशा मापाच्या करा. पावसात प्लास्टिकची पिशवी आतून घट्ट बांधू नका, जुलैत मी पुण्याला तशा बारा वाट्या पाठवल्या आणि बुरशी आलेल्या पोचल्या, दमट हवा आतच कोंडली होती. वर्तमानपत्र, सिलिका जेलच्या पुड्या, मग खोका, आणि प्लास्टिक फक्त खोक्याच्या बाहेरून.

कागदपत्रं पटकन. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची नोंदणी, सरकारी साइटवर फुकट होते, आधार-पॅन लागतं, एजंटला पैसे देऊ नका. माल विकणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाला ४० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, परराज्यात पाठवायचा असेल तर नियम वेगळे आणि हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंनाच सूट, ते आधी सीएला विचारा. खेळणी करणाऱ्यांनी हस्तशिल्प विकास आयुक्तांच्या कार्यालयाकडे नोंदणी करून पहचान कार्ड (कारागिराचं ओळखपत्र) काढाच, कारण १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क लागतो आणि नोंदणी असलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे. पीएम विश्वकर्मा या केंद्राच्या कारागिरांसाठीच्या योजनेत १८ व्यवसाय आहेत, खेळणी आणि टोपली-चटई-काथ्या त्यात येतात, आधी १ लाख आणि ते फेडलं की २ लाख कर्ज, ५ टक्क्यांनी. करवंटी नावानिशी नाही, मी बघितलं. बचत गटात असाल तर उमेदच्या (बचत गटांचं राज्य सरकारचं अभियान) मुंबईतल्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनासाठी गटातून नाव द्या, आणि तिथे साठ रुपयांची की-चेन हवीच, खूप लोक तेवढंच घेतात पण नंबर वहीत लिहून जातात.

राहिला पाऊस. जून-जुलै मी आता टेबलाचा विचारच करत नाही, फक्त माल करते आणि त्या वहीतल्या नंबरांना फोटो टाकते. गणपतीला चाकरमानी येतात तेव्हा घरी येऊन घेतात, आणि दिवाळीच्या भेटींची चौकशी ऑगस्टमधेच सुरू होते. गेल्या वर्षी एका ऑफिसातून २०० दिव्यांची विचारणा आली, आम्ही दोघीच, मोजून बघितलं तर १२० च्या वर होणार नव्हते. १२० च सांगितले, अर्धे पैसे आधी घेतले, बाकीचे त्यांनी दुसरीकडून मातीचे घेतले. यंदा त्यांचा मेसेज जूनमधेच आला.