पावसाळी पालेभाजी: उंदराच्या रक्तातला जंत जुडीपर्यंत येऊ देऊ नका

आषाढ-श्रावणात झड लागून दोन-तीन दिवस झाले की पहाटे बॅटरी घेऊन कोथिंबिरीच्या वाफ्यात उतरा. पानांवर सुकलेल्या शेंबडासारखी चकाकती रेघ दिसेल. तिच्या मागावर गेलात की देठाच्या बेचक्यात डाळीएवढी गोगलगाय चिकटलेली सापडते. गेल्या श्रावणात नाशिकजवळच्या गिरणाऱ्याकडच्या एका मळ्यात मी बांधून तयार असलेली जुडी सोडून पाहिली. मुळांच्या बाजूला, चिखलाच्याच रंगाच्या तीन निघाल्या. जुडी बांधणाऱ्या मावशींनी त्या नखाने उडवल्या, हात पदराला पुसला आणि जेवायची वेळ झाली म्हणून त्याच हाताने भाकरी सोडली. मी त्यांना हात धुवायला लावले, पण का ते नीट सांगता आलं नाही. ते आज सविस्तर लिहितो.

गोगलगायीने पानं कुरतडली की भाव पडतो, हे कोणी सांगायला नको. २०२२ च्या खरिपात लातूर-बीडकडे शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं फस्त केली, तेव्हा सगळ्या राज्याचं लक्ष तिकडे गेलं. पण गोगलगायीच्या पोटातून काय येतं, याकडे आपलं लक्ष नाही. त्याची सुरुवात बांधावरच्या बिळात होते.

उंदरा-घुशींच्या रक्तात राहणारा एक जंत आहे, अँजिओस्ट्राँगायलस कँटोनेन्सिस. चीनमधल्या कँटनच्या उंदरांत तो सापडला आणि १९३५ मध्ये त्याचं वर्णन झालं, म्हणून हे नाव. मुंबईच्या उंदरांमध्येही त्याची नोंद १९८० च्या दशकात झालेली आहे. आपली भाजी रोज मुंबईला जाते आणि रिकामे क्रेट परत येतात, त्यामुळे मी तरी मुंबईला लांब धरत नाही. मादी साधारण इंचभर लांब, शिवणाच्या दोऱ्याएवढी बारीक. रक्त पिऊन तिचं आतडं लाल झालेलं असतं आणि त्याला पांढऱ्या गर्भनळ्यांचा पीळ पडलेला असतो. राखीचा लाल-पांढरा दोरा डोळ्यांसमोर आणा, तशीच दिसते.

हा जंत राहतो हृदयाकडून फुफ्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत. ठिबक वापरणाऱ्याला ही गोष्ट लवकर कळेल. हृदयाची उजवी बाजू म्हणजे मोटर, फुफ्फुसाकडची रक्तवाहिनी म्हणजे मेन लाइन आणि फुफ्फुसातल्या केसाहून बारीक नळ्या म्हणजे ड्रिपर. जंत मेन लाइनीत आणि तिच्या फाट्यांत ठाण मांडतात. मादीची अंडी रक्ताबरोबर वाहत जाऊन ड्रिपरमध्ये अडकतात आणि तिथेच फुटतात. जंतांभोवती रक्ताच्या गुठळ्या धरतात, वाहिनीचं आतलं अस्तर सुजून जाड होतं, वाट अरुंद होत जाते. मग दाब मागे मोटरीवर येतो. जोर लावून लावून हृदयाची उजवी बाजू जाडजूड होते आणि जंत फार झाले तर शेवटी थकते. असा उंदीर धापा टाकतो, केस पिंजारतात, खंगून मरतो.

पण हे जंत फार झाले तरच. पाच-दहा जंत घेऊन उंदीर महिनोन् महिने मजेत फिरतो, आणि खरा धोका त्याच्याकडूनच आहे. अंड्यांतून निघालेली पिल्लं फुफ्फुसातून घशाशी चढतात, गिळली जातात आणि लेंड्यांतून रोज हजारोंनी बाहेर पडतात. उन्हाळ्यात लेंडी वाळली की ती मरतात. पावसाळ्यात लेंडी ओली राहते, गोगलगाय ती खाते आणि दोन-तीन आठवड्यांत तिच्या अंगात ही पिल्लं पुढच्या अवस्थेला येतात. ती गोगलगाय दुसऱ्या उंदराने खाल्ली की जंत आधी त्याच्या मेंदूत जातो, तिथे वाढतो आणि मग रक्तातून फुफ्फुसाच्या वाहिनीत उतरतो. पानाला किंवा हाताला लागलेल्या गोगलगायीतून माणसाच्या पोटात गेला तर मेंदूपर्यंत पोचतो, पण बहुधा तिथून पुढे त्याला वाट मिळत नाही. तो तिथेच मरतो आणि मेंदूच्या आवरणाला सूज येते.

म्हणून या हंगामात माझं सांगणं असं, की उंदीर आणि गोगलगाय ही दोन वेगळी कामं समजू नका.

आधी बिळं. संध्याकाळी बांधावरची, चारीकडेची, कांदा चाळीखालची सगळी बिळं चिखलाने बुजवा. सकाळी जी उकरलेली दिसतील ती चालू. पहिले दोन दिवस त्यांत नुसता भरडा तेल लावून टाका, उंदराचा विश्वास बसू द्या. तिसऱ्या दिवशी ९६० ग्रॅम भरडा, २० ग्रॅम गोडेतेल आणि २० ग्रॅम झिंक फॉस्फाइड (उंदरांचं विषारी औषध) काठीने कालवून, बिळागणिक दहा ग्रॅमची कागदी पुडी आत खोल सरकवा आणि तोंड बुजवा. उघडिपीचा दिवस बघूनच हे करा. ओल लागली की औषधातून लसणासारख्या वासाचा विषारी वायू सुटतो. आमिष वाया जातं आणि कालवणाऱ्यालाही ते घातक आहे. हातमोजे आणि तोंडाला फडकं हवंच. मेलेले उंदीर काठीने किंवा फावड्याने उचलून खोल पुरा. कुत्र्याने, घुबडाने ते खाता कामा नयेत. गव्हाणी घुबड रात्रभर फुकट राखण करतं. त्याला बसायला मळ्यात दोन-चार उंच आडव्या दांड्या रोवल्यात तर औषधाचं कामही कमी होईल.

गोगलगायीसाठी संध्याकाळी गोणपाटं गुळाच्या पाण्यात भिजवून वाफ्यांच्या कडेला टाका. सकाळी त्यांच्याखाली जमलेल्या गोगलगायी वेचा. शेंबी, म्हणजे बिनशंखाची असते ती, हमखास नजरेतून सुटते. तिच्या अंगातही हा जंत वाढतो, तेव्हा तीही वेचा. उघड्या हाताने नको, मोजे नसतील तर प्लास्टिकची पिशवी हाताला गुंडाळा. मुलांना या कामाला लावू नका. वेचलेल्या गोगलगायी मिठाच्या किंवा साबणाच्या दाट पाण्यात, झाकण असलेल्या बादलीत टाका आणि मेल्यावर बांधापासून लांब, चुना घालून खड्ड्यात पुरा. विहिरीत, चारीत, शेततळ्यात टाकू नका, कारण बुडून मेलेल्या गोगलगायीतून पिल्लं पाण्यात सुटू शकतात. ज्या हौदात जुड्या धुता त्याच्या तळाशीही एकदा हात घालण्याआधी नजर टाका.

बांधाच्या कडेने चार बोटं रुंद कोरड्या चुन्याचा पट्टा ओढा. पाऊस पडून गेला की तो पुन्हा ओढावा लागतो. माती भुसभुशीत असेल तिथे साबुदाण्यासारखी पांढुरकी अंडी घोसाने सापडतात. शंखी गोगलगाय एका वेळी शंभरावर अंडी घालते, म्हणून एक घोस चिरडलात की पुढची मोठी मेहनत वाचते. गोगलगायी मारायच्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्या परिणामकारक आहेत, पण कुत्री आणि कोंबड्या त्या खातात आणि मरतात. वापरायच्याच असतील तर लेबलवर दिलेल्या पिकात, दिलेल्या प्रमाणात, आणि पालेभाजीच्या पानावर कधीच नाही.

आता जुडी. कोथिंबीर भाजीसारखी शिजत नाही. मिसळीवर, पोह्यांवर ती कच्चीच पडते, म्हणून तिच्याबाबत मी जास्त आग्रही आहे. उपटल्यावर जुडी उलटी धरून झटका, मुळाकडचा चिखल काढा, पिवळी पानं वाफ्यातच न टाकता बाहेर न्या. क्रेट रात्री उघड्या जमिनीवर ठेवू नका. घरी पानं सुटी करून वाहत्या पाण्याखाली धुवा. मिठाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात बुडवून काढली म्हणजे झालं, असं समजू नका. या जंताला मारण्याचा खरा भरवसा नीट शिजवण्याचा आहे. ज्या वाफ्यात गोगलगायी दिसल्या तिथली मेथी, पालक, कोबी कोशिंबिरीत नको, भाजी करा.

गोगलगायी वेचल्यानंतर किंवा कच्ची पालेभाजी खाल्ल्यानंतर एक ते तीन आठवड्यांत खूप डोकं दुखू लागलं, मान आखडली, उलट्या झाल्या, अंगाला मुंग्या आल्या, तर घरच्या घरी गोळ्या घेऊन थांबू नका. बहुतेक जण बरे होतात, काहींना मात्र फार जड जातं. दवाखान्यात गेलात की गोगलगायीला हात लागला होता किंवा कच्ची भाजी खाल्ली होती, हे डॉक्टरांना आपणहून सांगा. ते विचारतीलच असं नाही. मळ्यात कामाला येणाऱ्या मावशी-ताईंनाही हे सांगून ठेवा, आणि जेवणाच्या सुट्टीआधी साबण आणि पाण्याची कळशी त्यांच्या हाताशी ठेवा.