पॉझिटिव्ह राहा म्हणतात सगळे, पण राहायचं कसं? (भरतीची तयारी करणाऱ्या लेकरांसाठी)

पोलीस भरती असो, तलाठी असो नाहीतर डॉक्टरकीची नीट परीक्षा, तयारी करणाऱ्याला घरी, मेसवर, अभ्यासिकेत सगळे एकच सांगतात, पॉझिटिव्ह राहा. पण म्हणजे करायचं काय हे कोणी सांगत नाही. मग पोरं डीपीला वर्दीचा फोटो लावतात, रोज मोटिवेशनच्या रील बघतात आणि आपण वर्दीत गावात आलोय, आई ओवाळतेय असं मनात रंगवत बसतात. रंगवा, पण तेवढ्यावर थांबलात तर नुकसान आहे. गॅब्रिएल ओटिंगेन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी थॉमस वॅडन यांच्यासोबत वजन कमी करणाऱ्या बायकांचा अभ्यास केला होता, तो 1991 ला छापून आला. ज्यांना 'मला जमेल' असा भरवसा होता त्यांचं वजन जास्त उतरलं, पण ज्या बारीक झाल्याची गोड चित्रं रंगवत होत्या त्यांचं कमी उतरलं. मनाला आधीच मिळाल्यासारखं वाटतं आणि अंगातला जोर कमी होतो.

म्हणून वही घ्या. वर ध्येय लिहा, पण नुसतं 'भरती व्हायचंय' नको, या महिन्यात 1600 मीटर पळणं (मुलींनी 800) किती वेळात आणायचं, गणिताचे रोज किती प्रश्न सोडवायचे असं लिहा. त्याखाली ते मिळाल्यावर काय बरं होईल ते एका ओळीत. आणि मग खरं काम, मधे आडवं काय येणार ते लिहायचं, आणि इथं लाजायचं नाही. सोयाबीन काढणीला घरून फोन येणार, रात्रीची लाईट असली की शेतात पाण्याची दारं धरायला जावं लागणार आणि पहाटे पाय उचलणार नाहीत, उन्हाळ्यात सकाळीच डांबर तापणार, भरतीची जाहिरात लांबणार, पोरीच्या घरी स्थळं यायला लागणार, आणि मोबाईल तर आहेच. प्रत्येकासमोर एक जर-तर लिहा. 'जर रात्री पाणी द्यायला गेलो तर संध्याकाळी सहाला शाळेच्या ग्राऊंडवर पळणार.' 'जर काढणीला गावी गेलो तर दुपारी जेवणानंतर बांधावर चालू घडामोडीचं एक पान वाचणार.' वेळ, जागा, काम, तिन्ही पाहिजेत. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी अशा जर-तर बेतावर बरंच संशोधन केलंय आणि त्याचा फायदा असा की दमलेल्या वेळी ठरवत बसावं लागत नाही, कारण दमलेलं मन कायम 'उद्या बघू' म्हणतं.

बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे पळतो ती 3000 मीटर स्टीपलचेस, तिच्यात 28 अडथळे आणि 7 पाण्याच्या उड्या असतात. अडथळा कुठं आहे हे पळणाऱ्याला आधीच माहीत असतं आणि सराव त्याचाच करायचा असतो. बारावीनंतर हा पोरगा सैन्यात गेला, सियाचीनला राहिला, स्पर्धांमधे पळायला लागला तो त्याच्यानंतर. टोकियो ऑलिम्पिकमधे राष्ट्रीय विक्रम करूनसुद्धा त्याची फायनल हुकली होती. पुढच्याच वर्षी, 2022 ला बर्मिंगहमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 8 मिनिटं 11.20 सेकंदात रौप्य, सोनं हुकलं फक्त 0.05 सेकंदानं. टोकियोनंतर 'आपल्याला जमतच नाही' म्हणून बसला असता तर?

हेच वाक्य सगळ्यात घातक आहे बरं का. मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन यांनी दाखवलंय की अपयशाचं कारण माणूस स्वतःला कसं सांगतो त्यावर पुढचं बरंच अवलंबून असतं. 'मी ढच आहे, कशातच नशीब नाही' म्हटलं की हातपाय गळतात. त्याऐवजी निकाल लागला की मार्कांची फोड करा. पोलीस शिपाई भरतीत ग्राऊंड 50 आणि लेखी 100, मग कुठं गेले? गोळ्यात गेले का, बुद्धिमत्तेत गेले का? 'यावेळी गोळाफेकीत कमी पडलो' हे दुखतं, पण त्याच्यावर काम करता येतं. निकालाच्या दिवशी मात्र हे करू नका, त्या दिवशी रडू आलं तर रडा, दोन दिवस जाऊ द्या.

भरवसा कुठून आणायचा, तर मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँडुरा यांच्या मते सगळ्यात पक्का भरवसा स्वतः काही करून दाखवल्यातून येतो, म्हणून आधी छोटं ध्येय गाठा. दुसरा, आपल्यासारख्या परिस्थितीतल्याला जमलेलं बघून. जालन्याच्या शेलगावच्या रिक्षावाल्याचा पोरगा अन्सार शेख 21 व्या वर्षी यूपीएससी पास झाला, 361 वी रँक. रील बघण्यापेक्षा गावातल्याच भरती झालेल्या दादाला, ताईला गाठा आणि काय आडवं आलं तेच विचारा.

आणि एक, पॉझिटिव्ह राहून जागा वाढत नाहीत. जागा कमी, फॉर्म ढीगभर, हे खरंय. म्हणून किती वयापर्यंत, किती भरत्या द्यायच्या ते घरच्यांसोबत आत्ताच बसून ठरवा आणि दुसरा रस्ता, आयटीआय असो की दुकान, त्याच वहीत लिहून ठेवा. तो लिहिला म्हणजे हार मानली असं अजिबात नाही, उलट परीक्षेत हात कमी थरथरतो.

झोप उडाली, जेवण जात नाही, जगण्यातच काही वाटेना असं झालं तर उसनं हसू आणू नका. जवळच्या माणसाला सांगा आणि टेली-मानसच्या 14416 वर फोन लावा, सरकारी आहे, फुकट आहे, रात्री-अपरात्रीही चालू असतं आणि मराठीत बोलता येतं.