मुंबईचे समुद्रमार्ग बघून हिरमोड होतो? या चुका टाळा

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी लागली की गावाकडचे पाहुणे मुंबईत येतात आणि एक फर्माईश ठरलेली असते: मरीन ड्राइव्ह, सी लिंक, कोस्टल रोड आणि जमलं तर अटल सेतू, सगळं एका संध्याकाळी गाडीतून दाखवा. ड्रोनने काढलेले व्हिडिओ मोबाइलवर बघून ते आलेले असतात. मग ठाण्याहून नाहीतर बोरिवलीहून निघून दीड-दोन तास ट्रॅफिकमध्ये काढायचे, सी लिंक यायचा, संपायचा आणि मागच्या सीटवरून आवाज यायचा, "एवढंच होतं का?" हा प्रश्न मला फार लागतो, कारण हे रस्ते खरोखर देखणे आहेत. बघणाऱ्याची जागा आणि वेळ चुकते, आणि त्या दोन्ही गोष्टी आपल्या हातात असतात.

पूल बघायला पुलावर जाणं

सर्वांत मोठी चूक हीच. वांद्रे-वरळी सी लिंक 2009 साली सुरू झाला. त्याची लांबी 5.6 किलोमीटर. ताशी 80 च्या वेगाने गेलात तर सव्वाचार मिनिटांत तुम्ही पलीकडे. मध्ये थांबायला परवानगी नाही, पायी चालायलाही नाही. छोट्या गाडीत मागे बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर बराचसा कठडाच येतो. ज्या उंच मनोऱ्यांचे आणि पंख्यासारख्या पसरलेल्या केबल्सचे फोटो बघून आपण आलो, ते डोक्यावरून सर्रकन निघून जातात. मान वर करेपर्यंत मागे पडलेले असतात.

सी लिंक बघायचा तर वांद्र्याच्या किल्ल्यावर जा. बँडस्टँडच्या टोकाला हा पोर्तुगीजांनी 1640 साली बांधलेला छोटा किल्ला आहे. दुपारी साडेचार-पाचला पोहोचलात तर उतरतं ऊन पुलावर पडलेलं असतं आणि पाण्यावरचं त्याचं वळण अख्खं दिसतं. आधी इथे तासभर बसा आणि मग पुलावरून गाडी न्या. त्या चार मिनिटांचा अनुभव अगदी वेगळा होतो, कारण आपण कशावरून चाललोय ते आता माहीत असतं.

'क्वीन्स नेकलेस'चंही तेच. दिव्यांचा हार मरीन ड्राइव्हवर उभं राहून कसा दिसणार? तो वरूनच दिसतो. मलबार हिलवर कमला नेहरू पार्कात, म्हणजे आपल्या म्हातारीच्या बुटाच्या बागेत, चौपाटीकडच्या कडेला उभे राहा आणि दिवे लागेपर्यंत थांबा. मुलांचा बूट बघून होतो, मोठ्यांचा हार.

रस्त्याची बाजू न बघता निघणं

आपल्याकडे गाड्या डावीकडून चालतात, त्यामुळे दक्षिणेकडून उत्तरेला जाताना समुद्र डाव्या हाताला, अगदी लगत येतो. नरिमन पॉइंटहून चौपाटीकडे जा, कोस्टल रोडवर मरीन ड्राइव्हहून वरळीकडे जा, सी लिंकवर वरळीहून वांद्र्याकडे जा. उलट दिशेने गेलात तर समुद्र आणि तुम्ही यांच्यामध्ये समोरून येणारी सगळी वाहतूक. ज्याला दाखवायचंय त्याला डाव्या खिडकीशी बसवा. उपनगरातून येणाऱ्यांनी जाताना पूर्व मुक्त मार्गाने नाहीतर लोकलने दक्षिण गाठावी आणि येताना हा रस्ता घ्यावा. उलट दिशेलाही एक गोष्ट मात्र छान दिसते: वांद्र्याहून वरळीकडे येताना डावीकडे वरळी कोळीवाडा, नांगरलेल्या होड्या आणि किल्ला.

सूर्य कुठे मावळतो ते न पाहणं

"मरीन ड्राइव्हला सूर्यास्त बघू" असं सगळेच म्हणतात. डिसेंबर-जानेवारीत ते बरोबर आहे. सूर्य तेव्हा नैऋत्येकडे सरकलेला असतो आणि थेट पाण्यात उतरतो. मार्च संपला की तो पश्चिमेच्याही उत्तरेला मावळायला लागतो आणि मरीन ड्राइव्हच्या मधल्या भागातून बघणाऱ्याला मलबार हिलच्या मागे जाताना दिसतो. मे महिन्यात लेकरांना घेऊन आलेली माणसं कट्ट्यावर बसून वाट बघतात आणि सूर्य इमारतींमागे गडप होतो. त्या दिवसांत नरिमन पॉइंटकडच्या एनसीपीए या कलाकेंद्राच्या टोकाला बसा, नाहीतर सरळ वरळी सी फेसला जा. तिथे पश्चिम मोकळी आहे, बारा महिने.

वेळही बदलते. डिसेंबरच्या सुरुवातीला सहाच्या आसपास सूर्यास्त, मेच्या मध्यावर सातच्या पुढे. हिवाळ्यात हवेत धुरकं असतं, त्यामुळे सूर्य क्षितिजाला टेकायच्या आधीच तांबूस होऊन विरतो. सर्वांत स्वच्छ आकाश मला विचाराल तर सप्टेंबरच्या शेवटी, पावसाने उघडीप दिली की.

भरती-ओहोटीचा विचारच न करणं

मुंबईकरही हे विसरतात, याचं मला वाईट वाटतं. ओहोटीला माहीमचा उपसागर म्हणजे चिखल, हाजी अलीच्या आजूबाजूला काळे खडक आणि त्यात अडकलेला कचरा. तोच देखावा भरतीला चमचमत असतो. कोळ्यांना विचारा, ते तिथीवरून सांगतील. ढोबळ हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास पाणी भरलेलं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण बेत आखायला पुरतं. नेमकी वेळ हवी तर भरतीचं वेळापत्रक मोबाइलवर मिळतं.

यातून एक गंमत निघते. पौर्णिमेला आणि अमावास्येला भरती दुपारी बाराच्या सुमारास येते, म्हणजे संध्याकाळी सहा-साडेसहाला पूर्ण ओहोटी, आणि उधाणाचे दिवस असल्याने पाणी नेहमीपेक्षाही लांब गेलेलं. "पौर्णिमा आहे, चंद्र बघत ड्राइव्ह करू" म्हणून निघालेल्यांना संध्याकाळी दगडच दिसतात. सूर्यास्त आणि भरलेलं पाणी दोन्ही हवं असेल तर सप्तमी ते नवमी गाठा. आणि पावसाळ्यात कठड्यावरून उसळणाऱ्या लाटा बघायच्या असतील तर उधाणाच्या दिवशी दुपारी जा, संध्याकाळी नाही. साडेचार मीटरच्या वरची भरती असेल तर कट्ट्यापासून लांबच थांबायचं, आणि टेट्रापॉडवर, म्हणजे लाटा अडवायला टाकलेल्या चार पायांच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांवर, तर कुठल्याच ऋतूत उतरायचं नाही. शेवाळलेले असतात. पाय सटकला तर खालच्या फटीतून माणूस बाहेर काढणं फार अवघड.

कोस्टल रोडकडून भलती अपेक्षा

मरीन ड्राइव्हहून वरळीपर्यंत 10.58 किलोमीटरचा हा रस्ता, मार्च 2024 पासून टप्प्याटप्प्याने खुला झाला. मरीन ड्राइव्हहून निघालात की सुरुवातीलाच दोन किलोमीटरचा बोगदा. "समुद्राखालचा बोगदा" ऐकून मुलं काचेपलीकडे मासे दिसतील अशा आशेने बसतात. तो गिरगाव चौपाटीखालून आणि मलबार हिलच्या पोटातून जातो आणि आत दिसतात त्या फक्त भिंती आणि दिवे. मुलांना आधीच सांगून ठेवा. बोगद्यातून प्रियदर्शिनी पार्कपाशी बाहेर पडताना एकदम उजेड आणि समुद्र समोर येतो. तो क्षण मोठा आहे, तेव्हा मोबाइल खाली ठेवा.

या रस्त्याची खरी मजा त्याच्या कडेच्या विहारपथावर आहे. 2025 च्या ऑगस्टमध्ये तो लोकांसाठी उघडला. ब्रीच कँडी, हाजी अली, वरळीच्या बाजूंनी भुयारी वाटांनी तिथे पोहोचता येतं.

अटल सेतूवर फ्लेमिंगो शोधणं

शिवडीहून खाडीपलीकडे न्हावा शेवाकडे नेणारा हा पूल: 21.8 किलोमीटर लांबी, त्यातले 16.5 किलोमीटर पाण्यावर, आणि मोटारीला ताशी 100 ची मर्यादा. शिवडीच्या बाजूला पक्ष्यांना त्रास होऊ नये म्हणून ध्वनिरोधक लावलेत, तिथे काही दिसत नाही, आणि ते योग्यच आहे. जानेवारी 2024 मध्ये सेतू सुरू झाल्यावर लोकांनी गाड्या थांबवून सेल्फी काढले आणि दंड भरला. टोल भरून जायचं तर पलीकडे काही काम काढा: उरणचा पीरवाडी किनारा, नाहीतर पुढे कर्नाळा. फ्लेमिंगो बघायचे तर हिवाळ्यात-उन्हाळ्यात हार्बर लाइनने शिवडी स्टेशन, तिथून जेट्टी. इथे हिशोब उलटा: पाणी ओसरत असताना जायचं, चिखल उघडा पडला की ते चरायला जवळ येतात.

बाइक घेऊन जाणं

सी लिंक, कोस्टल रोड, अटल सेतू, तिन्हीवर दुचाकी आणि रिक्षाला बंदी. मरीन ड्राइव्हवर मात्र बाइक चालते.

गेलात आणि बिघडलंच, तर

मरीन ड्राइव्हवर गाडी अडकली असेल तर गाडीतच बसून राहू नका. जवळच्या पे-अँड-पार्कमध्ये ती ठेवा आणि चाला. त्याहून बरं म्हणजे गाडी आणूच नका. चर्चगेट, मरीन लाइन्स, चर्नी रोड ही स्टेशनं चालत पाच-दहा मिनिटांवर आहेत. गेल्या हिवाळ्यात नागपूरची आमची आत्या अशीच वैतागून उतरली होती. "गाडीत मला पुढच्या टेम्पोचा नंबर तेवढा पाठ झाला," म्हणाली. एनसीपीएच्या बाजूला कट्ट्यावर बसली, रस्त्याकडे पाठ करून. टेट्रापॉडच्या फटीतून एक खेकडा बाहेर यायचा, लाट आली की आत पळायचा. ती बराच वेळ त्यालाच बघत राहिली. मग काका भाजलेले शेंगदाणे घेऊन आले आणि तिने त्यांनाही तो खेकडा दाखवला. निघायचं नाव काढेना.

धुरक्यामुळे सूर्यास्त गेला तर दिवे लागेपर्यंत थांबा आणि पाठीमागच्या इमारती बघा. 1930-40 च्या दशकांतल्या या आर्ट डेको इमारती, गोल कोपरे, जहाजाच्या कठड्यासारखे सज्जे. ओव्हल मैदानाभोवतालच्या वास्तूंसोबत त्या 2018 पासून जागतिक वारसा यादीत आहेत. चालत्या गाडीतून त्यांच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही. ओहोटी लागली असेल तर मुलांना गिरगाव चौपाटीवर सोडा, तेव्हा वाळू भरपूर मोकळी असते.

आणि निघण्यापूर्वी तारीख बघा. अनंत चतुर्दशी, 31 डिसेंबर, जानेवारीतला मॅरेथॉनचा रविवार, या दिवशी दक्षिण मुंबईतले रस्ते बंद नाहीतर वळवलेले असतात. पाहुण्यांची सुट्टी नेमकी तेव्हाच असेल, तर त्यांना लोकलने घेऊन या किंवा सरळ दुसऱ्या दिवशी पहाटे निघा. सहाला मरीन ड्राइव्हवर धावणारे आणि फिरणारेच असतात, आणि गाडी सावकाश नेली तरी मागून कुणी हॉर्न वाजवत नाही.