पोर्टफोलिओत तीनच कामं टाका

वेब डिझाइनच्या इंटर्नशिपसाठी आलेले विद्यार्थ्यांचे पोर्टफोलिओ, म्हणजे स्वतःची कामं दाखवणाऱ्या साइट, बघणं हा माझ्या कामाचाच भाग आहे. बहुतेक मी फोनवर उघडते, दोन मीटिंगांच्या मधे. पहिल्या स्क्रीनवर ‘हॅलो, मी क्रिएटिव्ह आहे’ वाचून हाती काहीच लागत नाही. नाव, काय शिकताय, कसलं काम हवंय, एवढं दोन ओळींत लिहा आणि लगेच खाली काम दाखवा.

कामं तीन पुरेत. कॉलेजच्या सगळ्या असाइनमेंट ओतल्यात तर मी नेमकी सगळ्यात कच्चीच उघडणार! नामांकित ॲपचं मनाने केलेलं रिडिझाइन शक्यतो नको. तिथे ना खरा वापरणारा असतो, ना कसली अडचण. त्यापेक्षा लायब्ररीचा साधा फॉर्म चालेल. समजा, माहिती चुकली की त्यात वर लाल पट्टी यायची, पण कुठला रकाना चुकला ते कळायचं नाही. तुम्ही ती सूचना त्या त्या रकान्याखाली आणलीत आणि आधी भरलेला मजकूर पुसला जाणार नाही याची सोय केलीत. आधीचा आणि नंतरचा स्क्रीनशॉट शेजारी ठेवा, असं का केलं ते चार वाक्यांत सांगा. ग्रुप प्रोजेक्ट असेल तर तुमचा वाटा कुठला तेही लिहा. मला एवढंच बघायचं असतं.

कौशल्य मोजून दाखवणाऱ्या ‘सीएसएस ९० टक्के’ (सीएसएस म्हणजे पानाचं रूप ठरवणारी भाषा) अशा पट्ट्या काढून टाका. नव्वद टक्के कशाचे, हे आजवर कुणालाच सांगता आलेलं नाही.

आता दिसण्याबद्दल. मजकूर १६ पिक्सेलपेक्षा लहान नको, आणि परिच्छेदाला मॅक्स-विड्थ (कमाल रुंदी) ६५ सीएचच्या, म्हणजे ढोबळ ६५ अक्षरांच्या, आसपास द्या, म्हणजे मोठ्या स्क्रीनवर ओळ लांबत जात नाही. फिकी राखाडी अक्षरं विद्यार्थ्यांना फार आवडतात. डब्ल्यूसीएजी या, साइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीच्या नियमावलीच्या एए पातळीला साध्या मजकुरासाठी ४.५ : १ कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं गुणोत्तर) लागतो, पांढऱ्यावर #७६७६७६ हा राखाडी रंग जेमतेम पास होतो, #७७७७७७ नापास. मराठी मजकूर असेल तर लेटर-स्पेसिंगला (अक्षरांमधल्या अंतराला) हात लावू नका, शिरोरेषा तुटते. लाइन-हाइट (ओळीची उंची) मात्र थोडी वाढवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांना भिडतात.

मग माउस बाजूला ठेवा आणि टॅब दाबत पूर्ण साइट फिरा. फोकस कुठे आहे, म्हणजे आत्ता कुठल्या बटणावर किंवा लिंकवर आहात, ते दिसत नसेल तर कुठूनतरी ‘आउटलाइन नन’ (फोकसची चौकट लपवणारी सीएसएसची ओळ) कॉपी झालंय, ते शोधून काढा. फोटो वेबपी या हलक्या फाइल-प्रकारात टाका, आणि त्यांना विड्थ-हाइट द्या, नाहीतर फोटो उतरताना मजकूर उड्या मारतो.

होस्टिंगला, म्हणजे साइट इंटरनेटवर ठेवायला, गिटहब पेजेस ही सेवा फुकट आहे. फक्त ती स्टॅटिक आहे, म्हणजे तयार पानं नुसती दाखवते, त्यामुळे तिथला संपर्काचा फॉर्म बाहेरची सेवा जोडल्याशिवाय कुणाला काही पाठवत नाही. सरळ ईमेल पत्ता लिहा, कॉपी करता येईल असा. चित्रातला नको.