गुच्छी आणलीत? आधी उभी चिरा
गुच्छी, म्हणजे जाळीदार टोपीची रानटी अळंबी, माळव्यात उगवत नाही. ती काश्मीर-हिमाचलच्या जंगलांतली, बर्फ वितळल्यावरची. इंदुरात मिळते ती वाळवलेली. तिथल्या सियागंज बाजारात घेताना एक उभी मोडून बघा: देठापासून टोकापर्यंत आत सलग पोकळ हवी. कापसासारखा गर दिसला, तर स्वस्तात देत असले तरी नको. घरी कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, उभी चिरून जाळीतली रेती धुऊन काढा. भिजवलेलं पाणी फडक्यातून गाळून रश्शात घाला आणि उकळू द्या. कच्ची किंवा अर्धीकच्ची मुळीच खाऊ नका, पोट बिघडतं. तुपात कांद्यावर परतून, झाकण ठेवून चांगली पंधरा-वीस मिनिटं शिजवा. मसाला बेताचाच; तिचा वासच दाबून टाकायचा तर एवढे पैसे कशाला घालायचे? पहिल्यांदा खाणाऱ्याला दोन-चारच वाढा.