सर्व्हर अधूनमधून क्रॅश होतो? तपासात या चुका टाळा

रोज ठरलेल्या वेळी बंद पडणारा सर्व्हर एक वेळ परवडला. पंधरा दिवस बिनबोभाट चालून एखाद्या मध्यरात्री अचानक मान टाकणारा सर्व्हर मात्र भल्याभल्यांची परीक्षा पाहतो. अशा क्रॅशचा तपास रखडतो तो बहुधा पुरावा हाती न राहिल्यामुळे, आणि हा पुरावा बरेचदा आपणच घाईघाईत नष्ट केलेला असतो.

लिनक्सवर सेवा चालू-बंद करणाऱ्या सिस्टमडीला ‘नेहमी रीस्टार्ट करा’ असे सांगून ठेवले की पडलेली प्रोसेस (चालू प्रोग्राम) एरवी १०० मिलिसेकंदांत पुन्हा उभी राहते. सेवेच्या दृष्टीने हे योग्यच आहे. पण त्यामुळे क्रॅश महिनोन्‌महिने कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून रीस्टार्टची सोय करताना पुराव्याचीही सोय करावी. अनेक मशीनवर कोअर फाइलची, म्हणजे कोसळलेल्या प्रोसेसच्या मेमरीच्या प्रतीची, मर्यादा मुळात शून्य असते, म्हणजे प्रोसेस मेली तरी मागे काहीच उरत नाही. तसेच व्हार-लॉग-जर्नल ही डिरेक्टरी नसेल, तर जर्नलमधील (सिस्टमडीच्या लॉगमधील) नोंदी केवळ मेमरीत राहतात आणि मशीन रीबूट होताच पुसल्या जातात.

दुसरी चूक म्हणजे सगळ्या क्रॅशना एकाच मापाने मोजणे. एक्झिट कोड (प्रोसेस संपताना मागे उरणारा क्रमांक) १३९ असेल तर प्रोग्रामने चुकीच्या पत्त्यावरील मेमरीला हात लावला, १३४ असेल तर त्याने स्वतःच अबॉर्ट केले, आणि १३७ असेल तर त्याला बाहेरून ठार केले गेले. बहुतेकदा मेमरी संपल्यावर कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याच्या) ओओएम किलरने, म्हणजे मेमरी मोकळी करण्यासाठी प्रोसेस मारणाऱ्या यंत्रणेने. या शेवटच्या प्रकारात प्रोग्रामला शेवटची ओळ लिहिण्याचीही सवड मिळत नाही, त्यामुळे त्याचा लॉग मध्येच तुटतो आणि खरी नोंद कर्नलच्या लॉगमध्ये सापडते. मारली गेलेली प्रोसेसच दोषी, असेही समजू नये. रात्रीच्या बॅकअप स्क्रिप्टने मेमरी गिळावी आणि बळी मात्र पोस्टग्रेस्क्यूएल या डेटाबेसच्या एखाद्या बॅकएंडचा (एक कनेक्शन सांभाळणाऱ्या प्रोसेसचा) जावा, असे घडू शकते. मग सामायिक मेमरी बिघडल्याच्या शंकेने पोस्टग्रेस्क्यूएल उरलेली सगळी कनेक्शनही तोडून रिकव्हरी सुरू करतो. कंटेनरला (प्रोग्राम ज्या वेगळ्या कप्प्यात चालतो त्याला) मेमरीची मर्यादा घातलेली असेल, तर मशीनवर कितीतरी जीबी मोकळी असतानाही आतली प्रोसेस अशीच मारली जाते.

१३९ आला की स्टॅक ट्रेसच्या (कोसळताना चालू असलेल्या फंक्शनच्या यादीच्या) सर्वांत वरच्या फंक्शनवर ठपका ठेवण्याचा मोह होतो, आणि तपास भरकटतो तो इथेच. सी किंवा सी प्लस प्लसमध्ये मेमरी बिघडते एका ठिकाणी आणि प्रोग्राम कोसळतो भलत्याच ठिकाणी. उदाहरणार्थ, ‘टू मेनी ओपन फाइल्स’ हा संदेश पाहून कोणीतरी फाइल डिस्क्रिप्टरची (उघड्या फाइलला किंवा कनेक्शनला मिळणाऱ्या क्रमांकाची) मर्यादा १०२४ वरून ६५५३६ करते. पण आतली एखादी जुनी लायब्ररी अनेक कनेक्शनवर एकदम लक्ष ठेवण्यासाठी ‘सिलेक्ट’ हे फंक्शन वापरत असते आणि सिलेक्टचा संच १०२४ डिस्क्रिप्टरपुरताच असतो. गर्दीच्या वेळी डिस्क्रिप्टरचा क्रमांक १०२३ च्या पुढे गेला की ती लायब्ररी संचाबाहेरच्या मेमरीत लिहू लागते. एरवी सगळे सुरळीत! येथे उपाय सिलेक्टऐवजी पोल किंवा ईपोल ही फंक्शन वापरणे हाच. मर्यादा परत खाली आणणे म्हणजे दुखणे झाकणे. असा दोष शोधण्यासाठी चाचणी सर्व्हरवर ॲड्रेससॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारे साधन) लावून बिल्ड चालवावे. प्रोग्रामचा वेग साधारण निम्मा होतो, पण चुकीची ओळ थेट हाती लागते.

रॅमवर खापर फोडण्याचीही घाई करू नये. एकाच मशीनवर वेगवेगळे प्रोग्राम वेगवेगळ्या ठिकाणी कोसळत असतील, तरच मेमटेस्टला (रॅम तपासणाऱ्या प्रोग्रामला) रात्रभर बसवणे सयुक्तिक ठरते.

एकाच दिवशी कर्नल, लायब्ररी आणि कॉन्फिगरेशन असे तिन्ही बदलून क्रॅश थांबला, तर कशाने थांबला हे कळत नाही, हे उघड आहे. थांबला असे म्हणण्याची घाईही तितकीच नडते. सरासरी दहा दिवसांतून एकदा, पण कसलाही नेम न धरता येणारा क्रॅश काहीही दुरुस्त न करताही सलग दहा दिवस न येण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के असते. सलग तीस दिवस न येण्याची शक्यता मात्र ५ टक्क्यांवर उतरते. तेव्हा तक्रारीचे तिकीट बंद करण्यापूर्वी सरासरी अंतराच्या तिप्पट काळ तरी वाट पाहावी, किंवा जुनी आवृत्ती कृत्रिम लोडखाली मुद्दाम पाडून दाखवावी आणि त्याच लोडखाली नवी टिकते का ते तपासावे.