ॲसिडिटीची गोळी वर्षभर चालू आहे? मग मॅग्नेशियम एकदा बघून घ्या

पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, रॅबेप्राझोल, यातली एखादी गोळी महिन्याभरासाठी लिहून दिलेली असते आणि दोन-तीन वर्षं चालूच राहते, कारण बंद करा असं कोणी म्हटलेलंच नसतं. या गोळ्यांनी काही जणांच्या आतड्यातून मॅग्नेशियम नीट शोषलं जात नाही. अमेरिकेत औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या एफडीएने २०११ मध्येच तशी वॉर्निंग दिली होती, बहुतेक केसेस वर्षभराच्या वर गोळी घेणाऱ्यांच्या, पण तीन महिन्यांतही झालेल्या आहेत.

आधी लक्षणं बघा. पोटरीत गोळे येणं, पापणी फडफडत राहणं, ओठांभोवती मुंग्या, हात थरथरणं, हे सगळं आपण थकव्यावर नाहीतर वयावर ढकलून मोकळे होतो. कधी बीपी मोजताना पट्टा फुगलेला असतो आणि तेवढ्यात मनगट वाकतं, अंगठा तळहातात ओढला जातो, बोटं ताठ होऊन एकमेकांना चिकटतात, असं झालं तर डॉक्टरांना सांगाच, कॅल्शियम घसरल्याची ती जुनी खूण आहे, आणि मॅग्नेशियम कमी झालं की कॅल्शियमही घसरतं.

आता टेस्ट. इथेच बहुतेक जण फसतात. नेहमीच्या इलेक्ट्रोलाइट रिपोर्टमध्ये सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड असतं, मॅग्नेशियम सहसा नसतंच, ते वेगळं लिहून घ्यावं लागतं. सोबत कॅल्शियम आणि बी१२ पण करून घ्या, बी१२ कमी झालं तरी पायाला मुंग्या येतात. मॅग्नेशियम खाली असेल तर पोटॅशियम लघवीवाटे जात राहतं आणि रक्तातलं कॅल्शियम सांभाळणारं पॅराथायरॉइड हार्मोन नीट काम करत नाही म्हणून कॅल्शियमही घसरतं, मग नुसत्या कॅल्शियमच्या गोळ्या कितीही खा, आकडा हलत नाही. लघवी जास्त करणारी बीपीची गोळी किंवा हृदयासाठीचं डिगॉक्सिन चालू असेल तर ते आधीच सांगा.

फिट आली, शुद्ध हरपली, बडबड असंबद्ध झाली किंवा छातीत ठोके चुकायला लागले तर रिपोर्टची वाट बघत बसू नका, सरळ इमर्जन्सी गाठा.

आणि हे वाचून गोळी आजच फेकून देऊ नका बरं, एकदम थांबवली की ॲसिड उसळून येतं, शिवाय पोटात अल्सरचं ब्लीडिंग झालेल्यांना ती खरंच लागते. डोस कमी करायचा की फॅमोटिडीनवर (ॲसिड कमी करणारी वेगळ्या प्रकारची गोळी) जायचं ते डॉक्टर ठरवतील. गोळी बंद केल्यावर साधारण आठवड्याभरात मॅग्नेशियम वर येतं, पण तीच परत सुरू केली की दोनेक आठवड्यांत पुन्हा खाली, त्यामुळे जरा जळजळलं की जुनी स्ट्रिप शोधायला जाऊ नका.